ती फियाट आहे, म्हणूनच ठेवा

पत्र: गंगापूर रोडवर आमच्या जुन्या बंगल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांची १९७१ सालची फियाट १२४ स्पोर्ट कूपे (दोन दारांची, पक्क्या छपराची) उभी आहे. काका नैरोबीला नोकरीला होते. परत येताना त्यांनी ती बोटीने मुंबईला आणली आणि नाशिकमध्ये बरीच वर्षं चालवली. नव्वदच्या दशकात ती बंद पडली, तेव्हापासून हललेली नाही. काका दोन वर्षांपूर्वी गेले. काकू म्हणतात, "चालू करणार असशील तर ने. विकणार असशील तर मला विचारूही नकोस." माझे वडील म्हणतात, "फेरारी असती तर गोष्ट वेगळी. फियाटवर कोण लाखो रुपये घालतं?" एका गॅरेजवाल्याने मारुतीचं इंजिन टाकून, लालभडक रंग मारून तीन महिन्यांत देतो असं सांगितलंय. मला गाडी आवडते, पण तिच्यातलं कळत काही नाही. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर:

मारुतीचं इंजिन बसवू नका. बाकीचं सविस्तर बोलू, पण त्या गॅरेजवाल्याला आजच फोन करून नको म्हणून सांगा. मारुतीच्या इंजिनात खोट काही नाही. पण तुमच्या गाडीतली सगळ्यात मोलाची वस्तू बॉनेटखाली आहे आणि नेमकी तीच काढून टाकायचा हा बेत आहे.

आधी वडिलांचा प्रश्न घेऊ, कारण पैशाची परवानगी तिथूनच मिळायची आहे. त्यांना सांगा की या इंजिनाचा कर्ता फेरारीतूनच आला होता. ऑरेलिओ लाम्प्रेदी त्यांचं नाव. १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षं अल्बेर्तो आस्कारी ज्या फेरारी ५००वर मोटार शर्यतींचा जगज्जेता झाला, तिचं चार सिलिंडरचं इंजिन लाम्प्रेदींचं. १९५५ साली ते फियाटमध्ये आले. तोवर डोक्यावर दोन कॅमशाफ्ट (वाल्व उघडणारे दांडे) असलेलं इंजिन म्हणजे बहुतेक वेळा शर्यतीच्या नाहीतर श्रीमंतांच्या गाडीतली चैन. लाम्प्रेदींनी ते अशा गाडीत बसवलं, जी इटलीतला पगारदार माणूस थोडी ओढाताण करून घेऊ शकत होता. उघड्या टपाची १२४ स्पायडर १९६६च्या तुरीनच्या प्रदर्शनात आली, तुमची कूपे त्याच्या पुढच्या वर्षी. स्पायडरची बॉडी पिनिनफारिना या नामांकित इटालियन डिझाइन कंपनीची. कूपे मात्र फियाटच्या स्वतःच्याच डिझाइन विभागात, मारिओ बोआनो यांच्या देखरेखीखाली आकाराला आली. मोठं नाव मागे नव्हतं आणि टप उघडत नव्हता, म्हणून जगभर कौतुक झालं ते स्पायडरचं. त्यातून स्पायडर बहुतेक अमेरिकेत खपल्या, तिथे त्यांचे चाहते तयार झाले, सुटे भाग मिळत राहिले, किमती वाढल्या. कूपे मागे पडली. माझं विचाराल तर दोघींत कूपे जास्त गुणी. चार माणसं खरोखर बसतात, डोक्यावर पक्कं छप्पर आहे, त्यामुळे बॉडी ताठ राहते. इंजिन तेच, चारही चाकांना डिस्क ब्रेक तसेच. आपल्याकडे १९७१ साली बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम असायचे, हे लक्षात घ्या.

आता एक गोष्ट जवळून बघण्यासारखी. वाल्वचं सेटिंग, म्हणजे वाल्व आणि कॅममधली फट ठरवणं, यासाठी कॅमशाफ्ट उतरवावा लागणं ही तेव्हाच्या दोन कॅमच्या इंजिनांची मोठी कटकट होती. लाम्प्रेदींनी वाल्वच्या डोक्यावरच्या वाटीत वरच्या बाजूने एक गोल पोलादी चकती बसवली. वाटी एका साध्या हत्याराने खाली दाबायची, चकती हवेच्या फवाऱ्याने उडवून बाहेर काढायची, हव्या त्या जाडीची दुसरी सरकवायची. कॅमशाफ्ट जागचा हलत नाही. कव्हर उघडाल तेव्हा वडिलांना शेजारी उभं करा आणि ती चकती त्यांच्या तळहातावर ठेवा. एवढीशीच वस्तू, पण दोन कॅमचं इंजिन गल्लीतल्या मिस्त्रीच्या आवाक्यात आलं ते तिच्यामुळे. पुढे याच इंजिनाच्या वंशावर फियाट १३१ अबार्थने १९७७, १९७८ आणि १९८० साली, लान्चिया ०३७ने १९८३ साली आणि लान्चिया डेल्टाने १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं जागतिक रॅलीचं उत्पादकांचं अजिंक्यपद मिळवलं. एका घराण्याला दहा अजिंक्यपदं. "फियाटवर कोण पैसे घालतं" याचं उत्तर यातच आहे.

आणि या गाडीचं आपल्या गावाशी अगदीच नातं नाही असंही नाही. प्रीमिअरची ११८ एनई आठवते? १९८५ पासून कॉलेज रोडवर, शरणपूर रोडवर डॉक्टर-वकिलांकडे दिसायची ती चौकोनी गाडी. तिची बॉडी फियाट १२४ सलूनच्या घराण्यातली, इंजिन निसानचं. म्हणजे काकांच्या कूपेची साधी चुलत बहीणच नाशिकमध्ये वर्षानुवर्षं फिरत होती. यावरून कुणी तुम्हाला सांगेल की ११८ एनईचे भाग सरसकट बसतात. तसं मानून खरेदी करू नका. जुना भाग हातात घेऊन, व्हर्नियरने मोजून, शेजारी ठेवून मगच पैसे द्या.

आता कागद. हे काम कंटाळवाणं आहे, पण पहिलं तेच करा. काकूंकडून आरसी बुक, आयातीचे कस्टमचे कागद, जुना विमा, पावत्या, जे काही असेल ते सगळं मागून घ्या. गाडीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वच्छ कापडाने पुसून वाचा, फोटो काढा आणि आरसीशी ताडून बघा. मालक हयात नसल्यामुळे वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरावा लागतो. त्यात काकूंची आणि इतर वारसांची लेखी संमती लागेल, ती गोडीगुलाबीत आत्ताच घ्या. गाडीवर दोन-चार लाख खर्च झाल्यावर घरात हा विषय निघाला तर तो वेगळ्याच सुरात निघतो.

त्यानंतर एक निवड तुम्हाला करायची आहे. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर काढायची. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी या वर्गात बसतच नाही. मारुतीचं इंजिन टाकलं की हा दरवाजा कायमचा बंद. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या खासगी गाडीसारखी फिटनेस तपासणी करून, पर्यावरण कर भरून नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण. काकूंची अट 'चालू कर' अशी आहे. रविवारी सकाळी त्यांना शेजारी बसवून गिरणारेपर्यंत जाऊन यायचं असेल तर दुसरा मार्ग बरा. एमएच १५च्या कार्यालयात जाऊन जुनी नोंदणी आजच्या घडीला कोणत्या अवस्थेत आहे ते आधी विचारा. नोंदणी रद्द झालेली नसणं यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

आता गाडीकडे वळू. तुमचं सगळं लक्ष इंजिनाकडे असेल. खर्च मात्र पत्र्यावर होणार आहे, निम्म्याहून अधिक. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्या काळातल्या इटालियन गाड्या गंजाच्या बाबतीत बदनाम होत्या आणि ती बदनामी खरी होती. एक लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळा आणि दाराखालच्या पट्ट्यांवरून, चाकांच्या कमानींवरून, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांवरून फिरवा. चुंबक सुटला की तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग बॉनेट उघडून पुढचे शॉक अॅब्सॉर्बर वर जिथे बोल्टने धरलेत त्या जागा बघा. डिकीतलं स्टेपनीचं खळगं बघा. पायाखालचे मॅट काढून फरशीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. पुढच्या शॉकच्या जागा कुजलेल्या असतील तर तेच पहिलं काम, कारण तिथे गाडीचा भार येतो. रंगाचं नाव त्यानंतर.

पत्रा कापायला लागण्यापूर्वी एक गोष्ट त्या डेंटरकडून करवून घ्याच. दारं उतरवली की दाराच्या रिकाम्या चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरके टेकू टाकून वेल्डिंगने पक्के करायचे. मगच खालची कुजलेली पट्टी कापायची, तीही एका वेळी एकाच बाजूची. हे केलं नाही तर बॉडी मधोमध कणभर खचते आणि पुढे आयुष्यभर दार नीट लागत नाही. नवा तुकडा सीओटू वेल्डिंगनेच बसवा, गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा वाकडातिकडा होतो. पाणी निचरायची मूळ भोकं बुजवू देऊ नका. काम करणारे ती हटकून बुजवतात आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

या बाबतीत नाशिकसारखं गाव मिळणं हे तुमचं नशीब आहे. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत काय होत नाही? सँडब्लास्टिंग, फॉस्फेटिंग, प्लेटिंग, लेथ, ग्राइंडिंग, रबर मोल्डिंग, सगळं चार-सहा किलोमीटरच्या परिघात. दोन-चार नगांचं काम म्हटल्यावर मोठे लोक तोंड फिरवतील. लहान शेडमध्ये स्वतःच लेथवर उभा असणारा मालक शोधा, त्याला जुना भाग दाखवा आणि तो कशासाठी आहे ते समजावून सांगा. बुश, स्पेसर, ब्रॅकेट, एक्झॉस्टचे स्टड, दाराच्या बिजागरीच्या पिना हे सगळं तो करून देईल, आणि इतक्या निगुतीने करेल की तुम्हीच चकित व्हाल. ब्रेकचे भाग मात्र त्याच्याकडून नकोत. कॅलिपरची सीलं, मास्टर सिलिंडरचं किट, होज पाइप हे १२४चे भाग करणाऱ्या युरोपातल्या विक्रेत्यांकडून नवेच मागवा. कस्टम ड्यूटी जाईल, ती जाऊ द्या.

इंजिनाला अजून हात लावलेला नाही ना? बॅटरी जोडून 'बघू तरी लागते का' असं कुणी म्हणालं तर किल्ली खिशात ठेवा. या इंजिनात दोन्ही कॅम रबरी दातेरी पट्ट्याने फिरतात. इतकी वर्षं एकाच जागी ताणलेला तो पट्टा कडक झालेला असणार. स्टार्टर मारला आणि पट्टा तुटला किंवा दात सरकले, तर वाल्व पिस्टनवर आपटून वाकण्याचा धोका आहे. म्हणून आधी चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा आणि आठवडाभर तसंच राहू द्या. पट्टा आणि त्याचा ताण धरणारा बेअरिंग बदला, टायमिंगच्या खुणा जुळवा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका, परत ऑइल सोडा आणि वाट बघा. फिरलं तर ऑइल आणि फिल्टर बदलून, प्लग काढलेलेच ठेवून स्टार्टरने थोडं फिरवा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलतो का ते बघा. तो हलेपर्यंत पेट्रोलचा विचार नको.

हेड अॅल्युमिनिअमचं आणि ब्लॉक लोखंडी, त्यामुळे गरम होणं या इंजिनाला सोसत नाही. रेडिएटर उघडून रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ करणं) करून घ्या, ब्लॉकमधला गाळ धुऊन काढा, सगळे होज नवे टाका आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट भरा. मे महिन्यात आपल्या द्वारका चौकाच्या गर्दीत अडकल्यावर हे सगळं कशासाठी केलं ते कळेल.

काकांची गाडी १९७१ची, म्हणजे मधल्या मालिकेतली, पुढे चार दिवेवाली. तिच्यात १६०८ सीसीचं इंजिन असेल तर त्यावर वेबर कंपनीचे ४० आयडीएफ मॉडेलचे दोन कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे) दिसतील. प्रत्येकाला दोन तोंडं, म्हणजे सिलिंडरमागे एक तोंड. कुणी "दोन कशाला, एकच बसवू, अॅव्हरेज वाढेल" म्हणेल. ऐकू नका, या गाडीचा आवाज आणि जीव त्या चार तोंडांत आहे. इथे कामाला येतील ते पद्मिनीवर हात बसलेले जुने मिस्त्री. पद्मिनीचं इंजिन अगदी वेगळं, १०८९ सीसीचं, पुशरॉडचं, म्हणजे कॅम खाली आणि वाल्व लांब दांड्यांनी उघडणारं. त्यामुळे कॅमचं टायमिंग त्यांच्यावर सोपवू नका, ते पुस्तक समोर ठेवून करायचं काम आहे. पण कार्बोरेटर कानाने जुळवायची विद्या त्यांच्याकडेच उरलीय. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला, दुसरं टोक आळीपाळीने प्रत्येक तोंडाशी. हवा आत खेचली जाण्याचा सूं असा आवाज चारही ठिकाणी सारखा येईपर्यंत स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत राहायचं. असा माणूस सापडला तर त्याच्याशेजारी उभे राहून शिकून घ्या. या मंडळींची वयं झाली आहेत.

पेट्रोलचा मुद्दा थोडक्यात. आज पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल असलेलं. १९७१च्या रबराला ते मानवत नाही, आणि इथेनॉल ओलावा शोषून घेत असल्याने टाकी आतून गंजते. टाकी उतरवून साफ करा, पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या टाका, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका.

लाल रंगाबद्दल. इटालियन स्पोर्ट्स कार म्हणजे लाल असं डोक्यात बसलेलं असतं. काकांची गाडी कोणत्या रंगाची होती ते पत्रात लिहिलेलं नाही. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याची रंगाची छोटी चिठ्ठी असायची, ती शाबूत आहे का बघा. नसेल तर दाराच्या आतलं अस्तर काढा. तिथे ऊन पोचलेलं नसतं, मूळ रंग जसाच्या तसा मिळेल. तोच मारा. काकूंना तो रंग आठवत असणार आणि त्यांच्यासाठी गाडीची ओळख तीच आहे. आतल्या सीटचं कापड, स्टिअरिंग, डॅशबोर्डवरची घड्याळं यातलं जे टिकलंय ते स्वच्छ करून परत लावा. थोडी भेगाळलेली मूळ वस्तू चकचकीत नव्या वस्तूपेक्षा चांगली दिसते, आणि एकदा फेकलेली घड्याळं परत मिळत नाहीत. टायर मात्र नक्षी कितीही चांगली दिसली तरी सगळे बदला. १३ इंची अजूनही मिळतात.

खर्चाचा आकडा मी देत नाही, पत्रा उघडल्याशिवाय तो कुणीच खरा सांगू शकणार नाही. जो आधीच ठोक रक्कम आणि तीन महिने सांगतो, तो पुट्टी भरून देणार. कामाचे टप्पे पाडा, एका टप्प्याचे पैसे झाले की पुढचा, आणि ठरवलेल्या रकमेच्या एक तृतीयांश वेगळी बाजूला ठेवा, ती लागतेच. वडिलांना हा हिशेब वहीत मांडून दाखवा. त्यांचा विरोध गाडीला कमी आणि तुम्ही मध्येच सोडून द्याल या भीतीपोटी जास्त असावा असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. आणि विकून नफा होईल असं त्यांना सांगू नका. आजच्या बाजारात कूपेची किंमत तुमच्या खर्चाला पुरणार नाही, ते माहीत असूनच करायचं.

केव्हा सुरू करू, हेही तुमच्या मनात असेल. कागदांचं आजच. गाडीवरचं प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते आजच काढून टाका, त्याखाली दमट हवा कोंडते. सुती चादर पुरे. पत्र्याचं काम दसऱ्यानंतर काढा. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत नाशिकची हवा कोरडी असते, उघडा पत्रा रात्रीतून तांबूस होत नाही आणि रंगही नीट बसतो. तोवर इंजिन उतरवून टेबलवर घ्या, प्रत्येक नट-बोल्ट चिठ्ठी लावून वेगळ्या डबीत ठेवा आणि उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा. पहिली लांबची फेरी थेट कसाऱ्याच्या घाटात नको. आधी गंगापूर धरणापर्यंत जाऊन या, घरी आल्यावर गाडीखाली कोरा पुठ्ठा टाका आणि सकाळी त्यावर कुठे काय ठिपकलंय ते बघा.